माहुलीला चौदा माणसं, चार मुलं आणि एक कुत्रा

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतल्या ताईंनी विचारलंय: दिवाळी आटोपली की नोव्हेंबरअखेर आम्ही चौदा जण माहुली किल्ल्यावर जायचं म्हणतोय. त्यात आठ ते बारा वयाची चार मुलं आहेत. वर तंबू ठोकून एक रात्र काढता येईल का? सोसायटीतल्या कुत्र्याचा मुलांना फार लळा आहे, त्याला न्यावं का? परवानगी लागते का, आणि बिबट्याची भीती कितपत खरी? काही जण म्हणतात, एवढं लांब कशाला, येऊर घराजवळ आहे, तिथेच जाऊ.

आधी सरळ उत्तरं देतो. तंबू नको. कुत्रा अजिबात नको. पायथ्याशी वनखात्याकडे नोंद करायची आणि शुल्क भरायचं. बिबट्याबद्दल पुढे लिहितो. येऊरबद्दलही, कारण ते घराजवळ असलं तरी वाटतं तितकं सोपं नाही.

माहुली हा नुसता किल्ला नाही. शहापूर तालुक्यातला हा डोंगर तानसा अभयारण्यात येतो. 1970 साली जाहीर झालेलं हे अभयारण्य ज्या तानसा तलावाच्या नावाने ओळखलं जातं, त्याचं धरण 1892 मध्ये पुरं झालं आणि ते पाणी आजही मुंबईच्या नळांना येतं. भोवतीचं साग-ऐनाचं रान पावसाचं पाणी धरून ठेवतं, म्हणून तलावाला त्याची राखण हवी. इतिहासाची आवड असलेल्यांना 1636 माहीत असेलच. निजामशाही वाचवायची शहाजीराजांची शेवटची झुंज याच गडावर झाली. वनखात्याच्या चौकीवर मात्र हा इतिहास चालत नाही. तिथे चालतो 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा.

हा कायदा लोकांना वाटतो तितका आडमुठा नाही. अभयारण्यात कोण शिरू शकतं आणि कशासाठी, हे त्यात सांगितलंय. अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटनासाठी परवानगी मिळू शकते. आत आग लावायची नाही, हत्यार न्यायचं नाही, जनावराला छेडायचं नाही, कचरा टाकायचा नाही. या चार गोष्टी नीट वाचल्यात तर तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत. चूल पेटवून मिसळ करायचा बेत असेल तर तो इथेच संपला. नोव्हेंबरअखेर गडावरचं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, फोटोत फार छान दिसतं, आणि एका ठिणगीची वाट बघत असतं. वनरक्षक उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचा पट्टा आपणच जाळून मोकळा करतात, जेणेकरून वणवा त्यापलीकडे जाऊ नये. त्या माणसांसमोर आपण गॅसची शेगडी पेटवून मॅगी करायची म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

तंबूचं तसंच. रात्री राहायचं तर त्याची वेगळी परवानगी हवी आणि ती मिळेलच असं धरून चालू नका. मी तर म्हणेन, मागूच नका. पूर्वी लोक गडावरच्या महादरवाजाच्या देवड्यांमध्ये, म्हणजे पहारेकऱ्यांच्या कोनाड्यांत, झोपायचे, मीही झोपलोय. पण तेव्हा महिन्यात एखादा गट असायचा. रात्र काढायचीच असेल तर पायथ्याच्या माहुली गावात कुणाच्या तरी अंगणात काढा. आदल्या दिवशी निरोप दिलात तर पिठलं-भाकरी मिळते, मुलांना आकाश दिसतं, गावात चार पैसे जातात. सकाळी गडाखालीच असता, हा त्यातला सर्वांत मोठा फायदा.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लिहायला बसलोय तिच्याकडे येतो. लोक विचारतात, गड किती अवघड आहे? मी उलटा प्रश्न विचारतो: तुम्ही गावात परत किती वाजता येणार? राखीव जंगलातला दिवस मागून मोजत यावा लागतो, सूर्यास्तापासून सकाळकडे. चला, तुमचाच हिशोब करू.

नोव्हेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. झाडीत अर्धा तास आधीच अंधारून येतं. म्हणजे पाच वाजता सगळे गावात हवेत. मुलं बरोबर असताना उतरायला अडीच तास धरा. पण त्याआधी वरच्या टोकाला शिडी आहे, लोखंडी, आणि तिच्यावर एका वेळी एकच माणूस. आत्मविश्वास असलेला माणूस अर्ध्या मिनिटात उतरतो. आठ वर्षांचं मूल, ज्याला पाय टेकायची पायरी दिसत नाही, आणि वरून सूचना देणारे तीन बाप, याला पाच मिनिटं लागतात. सरासरी दोन मिनिटं धरली तरी चौदा जणांना अर्धा तास. म्हणजे दोन वाजता तुम्ही शिडीच्या डोक्याशी हवे. वर दोन तास हवेत, म्हणजे बाराला पोहोचायला हवं. चढताना पुन्हा शिडीचा अर्धा तास आणि खालून साडेतीन तास. थोडक्यात, सकाळी आठला चौकीवरून पाय उचललाच पाहिजे. त्याआधी चहा-पोहे, नोंद, पाणी भरणं. आसनगाव स्टेशनवर पावणेसातपर्यंत उतरायला हवं, म्हणजे ठाण्याहून साडेपाचच्या आसपासची कसारा किंवा आसनगाव लोकल. घोडबंदर रोडवरून निघायचं म्हटल्यावर मुलांना साडेचारला उठवावं लागेल. हे जमणार नसेल तर गावात मुक्काम करा, किंवा गडाचा नाद सोडा आणि खालच्या रानात फिरून या. त्यात कमीपणा काही नाही.

आणि बारा वाजले तरी शिडी आली नाही, तर? तर जिथे असाल तिथे डबे उघडा आणि मागे फिरा. हे सकाळी आठलाच सगळ्यांना सांगून ठेवा, कारण बारा वाजता, शिडी "आता आलीच" असताना, कुणीच ऐकत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी डिसेंबरात मी बावीस जणांना माहुलीला नेलं होतं. नेतृत्व माझंच, चूकही माझीच. निघायला दहा वाजले, शिडीवर रांग लागली, वर सगळ्यांना नवरा-नवरीचे सुळके बघायचे होते, फोटो काढायचे होते. उतरायला सुरुवात केली तेव्हा चार वाजून गेले होते. सोंडेवरून खाली येताना एका ठिकाणी वाट दोन फुटते; एक माणसांची, एक ढोरवाट. दिवसा फरक कळतो. माणसांच्या वाटेवर दगड बुटांनी घासून गुळगुळीत झालेले असतात, ढोरवाटेवर शेण असतं आणि दोन्ही बाजूंच्या फांद्या कमरेच्या उंचीवर मोडलेल्या असतात, पण डोक्याच्या उंचीवर तशाच. संध्याकाळी सहाला ती खूण दिसली नाही. आम्ही ढोरवाटेने एका कोरड्या नाळेत उतरलो. मोठमोठे दगड, त्यावर सागाची वाळलेली पानं, प्रत्येक पाऊल टाकताना खाली दगड आहे की खड्डा हे कळत नव्हतं. आमच्याकडे बावीस जणांत मिळून तीन बॅटऱ्या होत्या.

खाली कुठेतरी कुत्री भुंकत होती, त्या आवाजाच्या दिशेने आम्ही हाका मारत राहिलो. तासाभराने पाड्यावरचा एक माणूस काठी आणि बॅटरी घेऊन वर आला. त्याने पहिला प्रश्न केला, "किती डोकी?" मी म्हटलं, "मामा, बावीस." त्याने आम्हाला एका ओळीत उभं केलं आणि काठीचं टोक प्रत्येकाच्या खांद्याला लावत मोजत गेला. एकवीस भरले. त्याने पुन्हा मोजलं. एकवीस. माझ्या पोटात जो गोळा आला तो आजही आठवतो. बाविसावा मुलगा वरच्या वळणावर बुटाची नाडी बांधायला बसला होता, उठला तेव्हा पुढे कुणी नव्हतं, आणि शहाणपणाने तो जागचा हलला नाही. मामा एकटेच वर गेले आणि पंधरा मिनिटांत त्याला घेऊन आले. पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, "ते राहू दे, पुढच्या टायमाला सकाळी ये."

तेव्हापासून माझ्या गटात प्रत्येकाला नंबर असतो आणि प्रत्येक थांब्यावर तोंडी मोजणी होते. मुलांना हा खेळ फार आवडतो. सर्वांत शेवटी एक अनुभवी माणूस, त्याच्या मागे कुणीही नाही. सर्वांत पुढे वाटाड्या, त्याच्या पुढे कुणीही नाही. मुलं मधे. वाटाड्या गावातूनच घ्या. "आम्ही मॅप डाउनलोड केलाय" हे मला सांगू नका. मॅपवर माणसांची वाट आणि ढोरवाट सारखीच दिसते. त्याला "ए" म्हणायचं नाही, दादा किंवा मामा म्हणायचं. पैसे आधी ठरवायचे आणि खाली आल्यावर घासाघीस करायची नाही.

बिबट्याचा प्रश्न याच हिशोबात बसतो. तानसाच्या रानात बिबट्या आहे, आणि तुम्ही राहता त्या घोडबंदर रोडच्या मागच्या डोंगरातही आहे. बहुतेक वेळा तो तुम्हाला बघतो, तुम्ही त्याला बघत नाही. दिवसाउजेडी बोलत जाणाऱ्या चौदा माणसांच्या वाटेला तो जाणार नाही. त्याची वेळ संध्याकाळ ते पहाट. पाचला गावात परत यायचं म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे. चुकून समोर आलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही, बसायचं नाही. मुलांना उचलून किंवा जवळ ओढून सगळ्यांनी एकत्र, ताठ उभं राहायचं, मोठ्याने बोलत सावकाश मागे सरकायचं, त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवायची. मुलाला आडोशाला न्यायचं असेल तर एकटं पाठवू नका. वाकलेलं, बसलेलं लहान शरीर त्याला माणूस वाटत नाही.

2004 च्या सुमारास संजय गांधी नॅशनल पार्कच्या भोवती हल्ले खूप वाढले होते, ते ठाणेकरांच्या लक्षात असेल. त्या काळात एका ठिकाणी पकडलेला बिबट्या दुसऱ्या ठिकाणी सोडला जायचा. आपला मुलूख सोडून अनोळखी जागी टाकलेलं जनावर गोंधळतं, आणि जागा धरून बसलेल्यांचंही बिनसतं. म्हणून हल्ली दिसला की पकडा, असं वनखातं करत नाही, आणि ते योग्यच आहे. या रानातले वारली-ठाकूर लोक दिवाळीत वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य ठेवतात. शेजारी म्हणून राहायची ती त्यांची जुनी रीत आहे.

कुत्रा यासाठीच नको. कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे आणि घाबरलेला कुत्रा पळत येऊन तुमच्याच पायात लपतो, मागोमाग जे येतं ते तुमच्यापाशी येतं. दुसरं, पाळीव कुत्र्यांपासून डिस्टेंपरसारखे रोग जंगली जनावरांत जातात. लस टोचलेली असेलही, पण चौकीवर कुणी ते तपासत बसणार नाही. त्याला शेजाऱ्यांकडे ठेवा.

माझ्या अनुभवात माहुलीवर बिबट्याने कुणाला त्रास दिलेला नाही. त्रास दिलाय तो पाण्याने, खाजकुयलीने आणि मधमाश्यांनी.

पाण्याचं असं की नोव्हेंबरातली सकाळ गार असते, म्हणून लोक एक बाटली घेतात. दहानंतर सोंडेवरचा कातळ तापतो, वारा पडतो. मोठ्यांना तीन लिटर, मुलांना दोन, आणि त्यातली एक बाटली लिंबू-मीठ-साखरेची. गडावर टाकी आहेत, पण ते पाणी उकळल्याशिवाय मुलांना देऊ नका. मूल चिडचिड करू लागलं, डोकं दुखतंय म्हणालं, की ते हट्ट करतंय असं समजू नका; सावलीत बसवा, पाणी द्या.

खाजकुयलीबद्दल शहरातल्या माणसांना सांगावं लागतं. वेलीला चिंचेएवढ्या, मखमली तपकिरी शेंगा लटकलेल्या असतात, आणि नेमक्या याच दिवसांत त्या वाळत असतात. हात लागला की बारीक केस कातडीत घुसतात आणि खाज सुटते, खाजवलं की सगळीकडे पसरतं. खाजवू नका, चोळू नका. चिकटपट्टी दाबून ओढा, केस निघून येतात, मग भरपूर पाण्याने धुवा. पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट घाला म्हणतो ते यासाठी, आणि गवताच्या कुसळांसाठी. हाफ पँटमधले फोटो चांगले येतात, पण रात्रभर झोप येत नाही.

आग्या मोहळ कड्यांवर आणि उंच झाडांवर असतं. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा, खाली दगड ढकलणं, यातलं काहीही त्यांना उठवतं. उठल्याच तर तोंड-डोकं झाकून दाट झाडीच्या दिशेने लांब पळायचं, जागेवर झोपायचं नाही, हात हलवायचे नाहीत. बिबट्यासमोर पळायचं नाही आणि माश्यांसमोर थांबायचं नाही, हे मुलांकडून पाठ करून घ्या.

सापाचं दोन ओळींत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी. दगडाच्या फटीत हात घालायचा नाही, पाय टाकण्याआधी पान हलवून बघायचं. चावलाच तर घट्ट दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणायचं आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा सरकारी दवाखान्यात न्यायचं. 108 आणि 112 हे नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. वनखात्याची हेल्पलाइन 1926.

आता येऊर. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग आहे. उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं, आणि राष्ट्रीय उद्यानाचे नियम अभयारण्यापेक्षा कडक. डांबरी रस्ता, पाडे, हवाई दलाचं ठाणं, हॉटेलं हे सगळं आत दिसतं म्हणून लोकांना वाटतं कुठेही शिरावं. रस्ता सोडून रानवाटेला लागायचं तर परवानगी हवी आणि बरोबर वनखात्याचा किंवा त्यांनी मान्य केलेला माणूस हवा. अशा पायवाटा त्यांच्यातर्फे घडवल्या जातात. थंडीतल्या सकाळी तीन तास, पक्षी ओळखायला कुणी जाणकार बरोबर, मुलांसाठी याहून चांगलं काही नाही. कारवी फुलते तेव्हा तर अवश्य जा. तिचा बहर सात-आठ वर्षांतून एकदा येतो, फुलून बी पडलं की झुडूप मरतं, म्हणून त्या वर्षी रीलसाठी फुलांत शिरून उभं राहणाऱ्यांचा मला विशेष राग आहे. पण परवानगी न घेता "शॉर्टकटने चेण्याच्या ओढ्यापर्यंत जाऊन येऊ" असं कुणी म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

खरं सांगायचं तर तुमच्या चार मुलांसाठी पहिली फेरी मी कर्नाळ्याला सुचवेन. ट्रान्स-हार्बरने पनवेल, पुढे पेणकडे जाणारी एसटी, आणि मुंबई-गोवा रस्त्यावरच अभयारण्याचं फाटक. जेमतेम 12 चौरस किलोमीटरचं, 1968 सालचं हे पक्षी अभयारण्य आहे. फाटकावर प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात आणि परतताना तेवढ्याच बाटल्या दाखवल्या की पैसे परत देतात; ही पद्धत सगळ्या गडांवर हवी. खालच्या पायवाटांवर सकाळी सातला गेलात तर पल्लवपुच्छ कोतवाल, नशीब असेल तर शीळकरी कस्तूर. मोठ्यांनी वर किल्ल्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्यापर्यंत जावं, मुलांनी खालीच रमावं. मात्र त्या सुळक्याच्या कपारीत आग्या मोहळं असतात, तिथे जाऊन ओरडू नका. सुळक्याखाली शिवाजी महाराजांच्या नावाने गर्जना करायची हौस अनेकांना असते. महाराज गनिमाला चाहूल लागू न देता गड घेत.

आणि माहुलीलाच जायचं ठरलं तर चौदांचे दोन गट करा, अर्ध्या तासाच्या अंतराने सोडा. शिडीवरचा घोळ निम्मा होतो. कुणा आयोजकामार्फत जाणार असाल तर त्याची नोंदणी विचारा. 2021 पासून राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण आहे आणि त्यात नोंदणी आहे. "आम्ही वीस वर्षं करतोय" हे नोंदणीचं उत्तर नाही. मीही पंचवीस वर्षं करतोय आणि एकदा बावीसचे एकवीस केले होते.

पावसाळ्यात जायचा विचार पुढे कधी आलाच तर मला वेगळं विचारा. धबधब्यांवर दरवर्षी बंदीचे आदेश निघतात, खारघरच्या पांडवकड्याचं तुम्ही ऐकलं असेलच. वर डोंगरात पाऊस पडला की खालचा घोट्याएवढा ओढा दहा मिनिटांत छातीएवढा होतो, आणि त्या वेळी तुमच्या डोक्यावर ऊन असू शकतं.

एक शेवटचं. माहुली गावातून आसनगावला परतायला संध्याकाळी रिक्षा मिळणं कठीण. सकाळी जे रिक्षावाले दादा सोडतील त्यांचा नंबर घ्या आणि पाचची वेळ सांगून ठेवा. चौदा जण म्हणजे चार रिक्षा लागतील.